स्ट्रीमर ते डॅक: नऊ महिने, तीन वायरी

माझा स्ट्रीमर, म्हणजे गाण्यांच्या फायली डिजिटल रूपात पाठवणारं यंत्र, हा रास्पबेरी पाय ४ नावाचा छोटा संगणक आणि त्याच्या डोक्यावर बसवलेलं डिजिटल आउटपुटचं बोर्ड. त्या बोर्डावर कोएक्सियल (तांब्याची तार) आणि ऑप्टिकल (प्रकाशाची वायर) दोन्ही निघतं, यूएसबी तर पायवर आहेच. डॅक, म्हणजे डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग सिग्नल करून अँप्लिफायरला देणारा डबा, तिन्ही घेतो. त्यामुळे नवीन काही न घेता तिन्ही जोडण्या आळीपाळीने वापरून बघता आल्या.

सुरुवात यूएसबीने केली. कागदावर तीच सरस. असिंक्रोनस यूएसबीत डॅक स्वतःच्या घड्याळावर चालतो आणि लागेल तसा डेटा स्ट्रीमरकडून मागून घेतो. कोएक्सियल-ऑप्टिकलमध्ये उलटं: घड्याळ त्याच सिग्नलमध्ये गुंफून येतं आणि डॅकला ते उकलून घ्यावं लागतं. जिटरबद्दल, म्हणजे या घड्याळाचे ठोके किंचित मागेपुढे होण्याबद्दल, जे काही वाचलं होतं, त्यावरून यूएसबीच घ्यावी असं वाटत होतं.

पण पहिल्याच रात्री स्पीकरमधून बारीक घूंऽऽ. दिवसा रस्त्याच्या आवाजात कळायचं नाही, रात्री विलंबित ख्याल लावला की तानपुऱ्याला तिसरा, बेसूर जोडीदार. आधी अँप्लिफायरवर संशय घेतला, मग स्पाइक गार्ड बदलला. दोन आठवडे असे गेल्यावर चोर सापडला तो भलतीकडेच. अल्बमचं चित्र टीव्हीवर दिसावं म्हणून पायची एचडीएमआय टीव्हीला लावली होती, आणि टीव्हीला गच्चीवरून आलेली केबलवाल्याची वायर. त्या वायरच्या जाळीतून आलेलं अर्थिंग आणि अँप्लिफायरच्या तीन पिनांच्या प्लगचं अर्थिंग यूएसबीच्या वायरमधून एकमेकांना भेटत होतं. एचडीएमआय उपटली की घरघर बंद. पण टीव्हीवरचं चित्र तोवर घरात सगळ्यांना आवडायला लागलं होतं, त्यामुळे ते बंद करण्याचा प्रस्ताव नामंजूर झाला.

मग ऑप्टिकल. ही जोडणी, टॉसलिंक, तोशिबाने १९८३ साली सीडी प्लेअरसाठी काढली, आणि त्यातून फक्त प्रकाश जातो. तांब्याची तारच नाही म्हटल्यावर अर्थिंग भेटणार कसं? घरघर त्या क्षणी गेली. चार महिने सुखाचे. सीडीवरून उतरवलेलं सगळं १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झ, ते बिनतक्रार वाजलं, २४ बिट ९६ किलोहर्ट्झ सुद्धा. गडबड १९२ किलोहर्ट्झच्या फायलींवर: आवाज मध्येच तुटायचा, डॅकवरचा आकडा विझून परत लागायचा. माझी तीन मीटरची प्लास्टिकची वायर साधीच होती, चांगली घेतली असती तर कदाचित चाललंही असतं. शिवाय कपाट सरकवताना ती एकदा जोरात दुमडली, त्यानंतर ९६ वरही भरवसा राहिला नाही.

कोएक्सियल मी उगाच शेवटी ठेवलं. तांब्याची तार म्हणजे घरघर परत येणार, असं धरून चाललो होतो. पण बोर्डाची माहिती नीट वाचली तेव्हा कळलं, कोएक्सियल आउटपुटवर छोटा ट्रान्सफॉर्मर आहे, म्हणजे इथेही दोन अर्थिंगमधला दुवा तुटतो. सगळ्या बोर्डांवर तो नसतो, घेण्याआधी बघा. वायरीसाठी पुण्याच्या तापकीर गल्लीत गेलो. सीसीटीव्हीची आरजी-५९ मागितली, ती ७५ ओहमचीच असते आणि इथेही तेवढंच हवं. दुकानदाराने विचारलं, किती कॅमेरे? दीड मीटर म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. घरी दोन आरसीए प्लग डाखले. पाच महिने झाले, १९२ न तुटता वाजतंय, टीव्हीवर चित्रही आहे.

आवाजातला फरक? मुलीला रिमोट दिला आणि डॅककडे पाठ करून बसलो. कोएक्सियल की ऑप्टिकल, वीस वेळा ओळखायचं. अकरा बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी एवढे आले असते. हजारो रुपयांच्या डिजिटल वायरींबद्दल माझं मत काय झालं असेल ते वेगळं सांगत नाही.

एक खोट मात्र कोएक्सियलवरही आहे. ४४.१ नंतर ९६ ची फाइल आली की डॅक नव्या घड्याळाशी जुळवून घेईपर्यंत अर्धा सेकंद गिळतो. आलापाची सुरुवात असेल तर टोचतं. माझा डॅक यूएसबीवरही तेच करत होता, त्यामुळे दोष जोडणीला देता येत नाही. आता एका प्लेलिस्टमध्ये एकाच रेटच्या फायली ठेवतो.

यूएसबीची वायर टाकून दिलेली नाही. दोन अल्बम डीएसडी १२८ या वेगळ्या प्रकारच्या फायलींत आहेत आणि ते पीसीएमच्या, म्हणजे नेहमीच्या डिजिटल सिग्नलच्या, वेष्टनातून पाठवायला ३५२.८ किलोहर्ट्झ लागतात, कोएक्सियल माझ्याकडे १९२ ला थांबतं. ते ऐकायचे असले की टीव्हीची एचडीएमआय काढतो, तीही मालिका सुरू नाही ना हे बघून.