तार्क्विनिया की चेर्वेतेरी?

रोमहून एकाच दिवसात एट्रुस्कन (रोमनांच्या आधी मध्य इटलीत नांदलेल्या लोकांची) थडगी पाहायची असतील, तर मी तार्क्विनियाच सुचवेन. इथल्या सुमारे ६,००० थडग्यांपैकी २०० च्या आसपास रंगवलेली आहेत. जिना उतरायचा आणि काचेतून बघायचं: मेजवानी, बासरीवाले, नाचणारी माणसं. जवळपास अडीच हजार वर्षांनंतरही तो लाल रंग किती जिवंत आहे! गावातल्या विटेलेस्की राजवाड्यातले पंखवाले मातीचे घोडे तर चुकवूच नका.

चेर्वेतेरी रोमला जवळ. तिथे चित्रांसाठी जाऊ नये. पण तिथली बांदिताच्चा ही दफनभूमी म्हणजे रस्ते आणि चौक आखून वसवलेलं मृतांचं नगरच, आणि कित्येक थडग्यांत आत शिरता येतं. लहान मुलं सोबत असतील तर मात्र चेर्वेतेरीच बरं.

दोन्ही ठिकाणं २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहेत.