डिपॉझिटसाठी कोर्टाची पायरी : न्यू जर्सीचं स्मॉल क्लेम्स

एडिसनचं भाड्याचं घर सोडलं, झाडून-पुसून किल्ल्या दिल्या, तरी घरमालक २,४०० डॉलर डिपॉझिट परत देईना. इथल्या कायद्याने ते ३० दिवसांत द्यावं लागतं, नाहीतर दुप्पट मागता येतं. मालक एसेक्स काउंटीतला (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) आणि दावा लावायचा तो प्रतिवादीच्या काउंटीत, म्हणून तिथलं कोर्ट जिथे आहे ते न्यूअर्क गाठलं.

आधी शिरले ती फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टाची इमारत. खिडकीवरच्या बाईंनी कागद चाळले आणि म्हणाल्या, हे राज्याचं काम, काउंटीच्या कोर्टात जा.

आपल्याकडे कायदा केंद्राचा असो की राज्याचा, शिडी एकच : जिल्हा न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय. इथे एकाच गावात दोन शिड्या शेजारी शेजारी उभ्या. दिवाळखोरी, पेटंट, फेडरल गुन्हे फेडरल शिडीवर; गुन्ह्यांचं अपील फिलाडेल्फियाला, पेटंटचं वॉशिंग्टनला. दोन वेगळ्या राज्यांतल्या माणसांचं साधं भांडण तिथे न्यायचं, तर रक्कम ७५,००० डॉलरच्या वर हवी. भाडं, घटस्फोट, वारसा हे सगळं राज्याच्या सुपीरियर कोर्टात. गाडीचं चलान मात्र म्युनिसिपल कोर्टात. स्मॉल क्लेम्स, म्हणजे छोट्या रकमांचे दावे, ही सुपीरियर कोर्टाचीच सगळ्यात खालची पायरी. मर्यादा ५,००० डॉलर, वकिलाची सक्ती नाही, ज्युरी नाही.

तारखेच्या दिवशी नावं पुकारली आणि आधी तडजोडीला बसवलं. जमलं नाही, तसे न्यायाधीशांपुढे उभे राहिलो. सासूबाई साक्षीला होत्या. कोर्टाने मराठी दुभाषी दिला, तोही फुकट. सासूबाईंनी उजवा हात वर करून शपथ घेतली आणि म्हणाल्या, "स्वयंपाकघराच्या ओट्याला चीर आम्ही राहायला आलो तेव्हाच होती. मी पहिल्या दिवशी तिथेच कणीक मळली, हाताला लागली." मग मी पहिल्या दिवशीचा फोटो पुढे केला. न्यायाधीशांनी मालकाला एवढंच विचारलं, "कापलेल्या पैशांचा लेखी हिशेब ३० दिवसांत पाठवलात?" त्याच्याकडे तसा एकही कागद नव्हता.

निकाल ४,८०० डॉलरचा लागला. या कोर्टाला पाचपैकी एक तारा मी वसुलीसाठी कापते, कारण ती आपली आपणच करायची, कोर्ट पैसे आणून देत नाही. बाकी चार तारे मनापासून. घर घ्याल त्या दिवशीच भिंती, ओटा, बाथरूम सगळ्याचे फोटो काढा, आणि न्यूअर्कला गेलात तर दारावरची पाटी वाचूनच रांगेत उभे राहा.