लिनक्स ६.६ कर्नल स्वतः कंपाइल करून: ४/५

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, तो सोर्स कोडवरून स्वतः तयार (कंपाइल) करून रत्नागिरीत घरच्या जुन्या लॅपटॉपवर वापरतोय, एकदम व्यवस्थित बूट होतं. ऑक्टोबर २०२३ चं व्हर्जन आहे, लाँग टर्म सपोर्टवालं.

सगळ्यात भारी म्हणजे लोकलमॉडकॉन्फिग ही कमांड, आत्ता मशीनवर जे मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे कर्नलचे सुटे भाग) लोड आहेत तेवढेच ठेवतं, बाकी ढीगभर ड्रायव्हर बाद, त्यामुळे कंपाइलचा वेळ प्रचंड वाचतो. फक्त आधी वायफाय डोंगल, प्रिंटर, पेनड्राइव्ह सगळं लावून ठेवा नाहीतर त्यांचेही ड्रायव्हर उडतात. आणि इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी मेमरीत येणारी, ड्रायव्हर असलेली छोटी फाइलसिस्टीम) नको असेल तर डिस्क कंट्रोलर नि एक्सटी४ (डिस्कवरची फाइलसिस्टीम) यांचे ड्रायव्हर मॉड्यूल न ठेवता कर्नलमध्येच बिल्ट-इन करा, कारण डिस्क वाचायचा ड्रायव्हर डिस्कवरच पडलेला असेल तर कर्नल तो आणणार कुठून, सरळ पॅनिक, म्हणजे बूट तिथेच ठप्प!

आमच्याकडे पावसात लाईटचा काही नेम नसतो, पण परत मेक (कंपाइल करायची कमांड) मारलं की झालेल्या फाइल सोडून पुढचं काम चालू होतं, कोकणात राहणाऱ्याला ह्याची किंमत कळेल. ग्रबमध्ये (सुरुवातीला कर्नल निवडायचा बूट मेन्यू) जुना कर्नल मात्र ठेवाच, नवीन चालला नाही तर तो कामाला येतो. एक स्टार कमी कारण कर्नलच्या सेटिंग मेन्यूमधली हेल्प नवीन माणसाला खूप जड जाते, कॉलेजच्या पोरांनी तरी नक्की करून बघा.