मेलवर चालणारी साधी तिकीट सिस्टीम : काही महिन्यांच्या वापरानंतर

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या फौंड्रींना आम्ही बिलिंग-स्टॉकचं सॉफ्टवेअर देतो. तक्रारी कुणाच्याही मेलवर यायच्या आणि उत्तर कुणी दिलं याचा पत्ता नसायचा. म्हणून सपोर्टचा एकच मेल आयडी ठेवला आणि त्यामागे पायथॉनची छोटी स्क्रिप्ट लावली. क्रॉनवर (ठरलेल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणारी सोय) ती दर मिनिटाला चालते, आयमॅपने (सर्व्हरवरचे मेल वाचायची पद्धत) नवे मेल उचलते, डेटाबेसमध्ये तिकीट, म्हणजे तक्रारीची नंबर असलेली नोंद, तयार करते आणि नंबर टाकून पोच पाठवते. पार्टीला, म्हणजे ग्राहकाला, नवं लॉगिन नाही की पासवर्ड नाही. माझ्या मते ही सिस्टीम रुजली ती एवढ्याचमुळे.

खरा कस लागतो रिप्लायला. विषयातल्या तिकीट नंबरावर विसंबून चालत नाही, कारण लोक विषय बदलतात, खोडतात. पण प्रत्येक मेलला मेसेज-आयडी (त्या मेलची स्वतंत्र ओळख) असतो आणि रिप्लाय करताना तो इन-रिप्लाय-टू व रेफरन्सेस या हेडरमध्ये (मेलसोबत जाणारी, एरवी न दिसणारी माहिती) जातो. आधी हे हेडर जुळवायचे, तिथे काही सापडलं नाही तरच विषयातला नंबर बघायचा. या क्रमाने संवाद एकाच तिकिटात सलग राहतो. जुना मेल उघडून त्यावरच नवी तक्रार लिहिणारेही आहेत. तिथे स्क्रिप्टने डोकं चालवू नये. आम्ही ‘वेगळं तिकीट करा’ असं बटण दिलंय, निर्णय माणसाचा.

दुसरी गोष्ट ऑटो-रिप्लायची, आणि ही पहिल्या दिवसापासूनच हवी. गणपतीच्या सुट्टीत पार्टीकडून ‘आम्ही सुट्टीवर आहोत’ असा आपोआप मेल येतो, त्याला आपली पोच जाते, तिला पुन्हा त्यांचं उत्तर येतं, आणि हे थांबतच नाही. 2004 च्या आरएफसी 3834 (इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचा एक दस्तऐवज) मध्ये यासाठी ऑटो-सबमिटेड हेडर आहे. त्यात ‘नो’ सोडून काहीही असेल तर पोच पाठवायची नाही, आणि आपल्या पोचेवरही तो हेडर लावायचा. सगळे सर्व्हर तो लावत नाहीत, म्हणून एका पत्त्याला तासाला एकच पोच, अशी मर्यादाही ठेवलीय. एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच आपल्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या सोयी) नीट लावून घ्या, नाहीतर पोच स्पॅममध्ये जाते.

तातडीच्या कामाला मात्र मेल पुरत नाही. कास्टिंग भरलेला ट्रक गेटवर उभा आहे आणि ई-वे बिल निघत नाही, अशा वेळी पार्टी फोनच करणार, आणि तेच बरोबर आहे. फोन झाल्यावर आमचाच माणूस सपोर्टच्या पत्त्यावर चार ओळींचा मेल टाकतो, म्हणजे नोंद राहते.

तीन-चार जणांच्या टीमला हे पुरेसं आहे. माणसं वाढली, कामं वाटून द्यायची वेळ आली, की स्वतःचं वाढवत बसण्यापेक्षा ओएसटिकेट किंवा फ्रीस्काउट घ्या. दोन्ही ओपन सोर्स आहेत आणि मेलवरूनच तिकीट बनवतात, त्यामुळे पार्टीला काहीच बदलावं लागत नाही.