संगीतासाठीचे इअरप्लग: गणपतीपासून मे महिन्यापर्यंत वापरल्यानंतर

मागच्या गणपतीच्या तोंडावर मी संगीत ऐकताना घालायचे इअरप्लग घेतले. त्यानंतर नवरात्र झालं, सिद्धेश्वराची गड्डा जत्रा झाली, शिवजयंती झाली आणि आता सोलापूरचा मे महिना चालू आहे. आमच्या भजनी मंडळातल्या बायका आणि भाचीच्या लेझीम ताफ्यातली मुलं याबद्दल सारखं विचारत असतात, म्हणून सविस्तरच लिहिते.

वस्तू साधी आहे. मऊ सिलिकॉनच्या एकावर एक तीन छत्र्या, मधून बारीक नळी आणि त्या नळीत बोटाच्या पेरापेक्षाही लहान फिल्टर. सोबत गळ्यात अडकवायची दोरी आणि किल्ल्यांना लावता येईल अशी डबी. किंमत दोन हजारांच्या आत. औषधाच्या दुकानात दहा-वीस रुपयांना मिळणारे पिवळे-नारंगी फोमचे प्लग वेगळे आणि हे वेगळे. हा फरक नीट समजून घ्यावा, कारण बहुतेकांनी फोमचा प्लग एकदा घालून बघितलेला असतो आणि तेवढ्यावरूनच 'यात गाणं कसलं ऐकू येणार' असं मत करून घेतलेलं असतं.

फोमबद्दलचं ते मत खरंच आहे. फोम खालचे आवाज थोडे आणि वरचे आवाज खूप कापतो. पखवाजाची धुम कानावर येते, पण झांजेची किणकिण, तानपुऱ्याची जवारी, गाणाऱ्याच्या तोंडचे स, श, त हे सगळं नाहीसं होतं. सोलापुरी चादर डोक्यावरून घेऊन मैफलीत बसल्यासारखं वाटतं. त्यात आणखी एक गोष्ट असते. आपल्या कानाची नळी मोकळी असताना २७०० हर्ट्‌झच्या आसपासचे स्वर (हर्ट्झ म्हणजे स्वर किती उंच त्याचं माप) ती स्वतःच वाढवून आत पाठवते. प्लग बसला की ही नैसर्गिक वाढ बंद होते. संगीतासाठीच्या प्लगमधला फिल्टर नेमका याच पट्ट्यात थोडा मोकळा ठेवलेला असतो, म्हणून सगळे स्वर जवळजवळ सारखेच खाली येतात. अमेरिकेतल्या एटिमोटिक रिसर्च कंपनीने १९८८ मध्ये वादकांसाठी ईआर-१५ हा प्लग आणला तो याच तत्त्वावर. १५ म्हणजे १५ डेसिबल कमी; डेसिबल हे आवाजाच्या जोराचं माप. तो कानाचा साचा घेऊन करावा लागतो. माझा तयार मापाचा आहे, पण युक्ती तीच.

मी हे का घेतलं, त्याचं कारण आमच्या घरातच आहे. माझ्या सासऱ्यांचं आयुष्य पूर्वभागात पॉवरलूमवर गेलं. चादरीच्या मागांची शेड ज्यांनी आतून पाहिली आहे त्यांना सांगायला नको. तिथे शेजारी उभ्या माणसाशी बोलायला त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. कामगार एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. मामांना भजनाचं वेड होतं आणि आजही आहे. एकादशीला पुढे येऊन बसतात. पण एकदा मला म्हणाले, "पेटी कळते गं, मृदंग तर छातीत कळतो. अभंग कुठला चाललाय ते मात्र मला विचारावं लागतं." त्यांच्या कानाच्या तपासणीच्या कागदावर रेघ ४००० हर्ट्‌झपाशी खोल खाली गेलेली आहे. गोंगाटाने गेलेल्या कानाची ही ओळखीची खूण. शब्द ज्यांच्यावरून वेगळे कळतात ती व्यंजनं बरीचशी याच वरच्या पट्ट्यात असतात. म्हणून अशा माणसाला आवाज येतो, शब्द येत नाहीत.

कानाच्या आतल्या शंखात आवाज टिपणाऱ्या केसपेशी असतात, आतल्या ओळीत साधारण साडेतीन हजार आणि बाहेरच्या ओळींत बारा हजारांच्या आसपास. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. त्यांना आवाज मिलचा की मिरवणुकीचा हे कळत नाही. किती जोराचा आणि किती वेळ, एवढंच त्यांच्यापर्यंत पोचतं. हे पटलं आणि मी प्लग मागवले. मला आवाजाचा तिटकारा नाही. मला पेटी वाजवायची आहे, आणि मामांच्या वयाची झाल्यावरही अभंग शब्दांसकट ऐकायचा आहे.

आता प्रत्यक्ष वापर. सगळ्यात जास्त उपयोग कुठे झाला असेल तर भजनात. हे ऐकून लोक चकित होतात, कारण सगळ्यांच्या मनात मोठा आवाज म्हणजे डीजे. पण आमचं देऊळ लहान आहे, खाली शहाबादी फरशी, भिंतींना टाईल्स. दोन्ही बाजूंना झांजा, मागे पखवाज, आणि वर 'जरा वाढवा' म्हणून सारखा पुढे ढकललेला माईक. मी पेटीवर बसते तिथे झांज माझ्या कानापासून हातभर अंतरावर वाजते. आवाज मोजणाऱ्या फोनच्या अ‍ॅपवर नामगजराच्या वेळी आकडा ९५ ते १०० डेसिबल दाखवत होता. फोनचा माईक बोलण्यासाठी बनवलेला असतो, मोठ्या आवाजात तो चुकतो. तरी अंदाज यायला पुरेसा.

या आकड्यांचा हिशोब एकदा कळला की विसरत नाही. अमेरिकेतली नायॉश ही कामगारांच्या आरोग्याची संस्था ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही मर्यादा धरते. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. आमचा गजर पंधरा मिनिटांत कधीच संपत नाही. माझ्या प्लगच्या खोक्यावर २० डेसिबल लिहिलंय, पण खोक्यावरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. मी तो १२ धरते. तरी १०० चे ८८ होतात आणि पंधरा मिनिटांचे चार तास होतात. हा फरक मला भजनानंतरच्या रात्री जाणवला. आधी घरी आल्यावर कानात सूं आवाज राहायचा, अंथरुणावर पडल्यावर तोच ऐकू यायचा. प्लग घालायला लागल्यापासून तो आलेला नाही. सकाळी उठून पेटीवर बसले की वरच्या सप्तकातले सूर स्वच्छ लागतात.

ऐकण्याच्या बाबतीत सांगायचं तर पहिल्या दिवशी सगळं लांब गेल्यासारखं वाटलं. दोन-तीन भजनांत कान सरावला. मग एक चांगली गोष्ट लक्षात आली. एरवी झांजेखाली बुडणारा गाणाऱ्याचा आवाज आता वेगळा काढता येत होता, कारण फार मोठ्या आवाजात कानच गोंधळतो, सूर एकमेकांत मिसळतात. पखवाजाचे वेगवेगळे बोल नीट सुटे ऐकू येतात. संगत करायला हे फार मोलाचं आहे.

मोठा त्रास एकच आहे आणि तो गाणाऱ्यांना जास्त. कान बंद असताना आपला स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो. हाडांतून आत गेलेला आवाज बाहेर पडायला वाट नसते, म्हणून. मी कोरसमध्ये गाते तेव्हा मला वाटतं मी फार मोठ्याने गातेय, आणि आपोआप आवाज खाली जातो. आमच्या बुवांनी दोनदा टोकलं. प्लग थोडा खोल बसवला की घुमणं कमी होतं, पूर्ण जात नाही. ज्याला मुख्य गायन करायचं आहे त्याने हे प्लग घेऊन पाच-सहा वेळा घरी रियाज करावा, मगच सगळ्यांसमोर घालावेत. नाहीतर पट्टी हलते.

लेझीम ताफ्यात भाची घालते. सोलापूरच्या लेझीमबद्दल मी काय सांगू, सगळ्यांना माहीत आहे. पण ताफ्यात मधोमध असलेल्या पोरीच्या कानाचं काय होतं ते कोणी बघत नाही. हलगी समोर, लेझमांच्या चकत्या चारही बाजूंनी आणि सगळ्यात वाईट म्हणजे शिट्टी. डाव बदलायची शिट्टी कानाशीच वाजते आणि ती नेमकी त्या वरच्या पट्ट्यात असते जिथे कान सगळ्यात आधी जातो. सरावाला तिने आधी फोमचे घालून पाहिले, तर लेझमांचा खळखळाट गेला, डाव चुकायला लागला. फिल्टरवाल्यांत तो खळखळाट राहतो आणि शिट्टीही लगेच कळते. दोरी लावलेली बरी, नाचताना एखादा निसटला तरी गळ्यात राहतो.

डीजेबद्दल मला स्पष्ट लिहायचं आहे. साउंडच्या भिंतीसमोर हे प्लग पुरत नाहीत. तिथे ११० च्या वर आवाज जाणं काही विशेष नाही, आणि ११० ला उघड्या कानाची मर्यादा दीड मिनिट. माझे १२ डेसिबल वजा केले तरी पंचवीस मिनिटांच्या आत हिशोब संपतो. माणिक चौकाकडच्या किंवा मधल्या मारुतीजवळच्या गल्ल्यांत तर दोन्हीकडच्या भिंतींवरून आवाज परत येतो, लांब सरकूनही फारसा कमी होत नाही. तिथून जायचंच असेल तर नीट बसवलेला फोम चांगला, आणि त्याहून चांगलं म्हणजे दुसरी गल्ली. कायदा आहे. निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, आणि सरकारने ठरवलेल्या वर्षातल्या जास्तीत जास्त पंधरा दिवशी बारापर्यंत सूट. तो पाळला जावा म्हणून आग्रह धरलाच पाहिजे, आणि मी धरते. पण बॉक्ससमोर नाचणाऱ्या पोराचा कान त्या रात्री त्याचा त्यानेच वाचवायचा असतो. आणि लहान मुलांना खांद्यावर घेऊन त्या भिंतीपुढे उभं राहू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. मुलांना प्लगपेक्षा कान झाकणारे इअरमफ बरे, प्लग ते तोंडात घालतात.

गड्ड्यात नंदीध्वजांच्या मिरवणुकीला हेच प्लग छान चालले. हलगी आणि सनई दोन्ही कानाला न बोचता ऐकली. होम मैदानावरच्या दारूकामाला मात्र मी लांबच उभी राहते. स्फोटाचा आवाज क्षणाचा असतो पण त्याचं टोक फार उंच जातं, आणि ते कापणं हे संगीताच्या फिल्टरचं काम नाही.

हुतात्मा स्मृती मंदिरातल्या शास्त्रीय मैफलीला प्लग डबीतच राहिले. चांगली ध्वनियोजना असेल तर गरज पडत नाही. बसायची जागा नीट निवडली की झालं. स्पीकरच्या समोरची रांग सोडा आणि मिक्सरवाला जिथे बसलाय त्याच्या आसपास बसा. तो जे ऐकून आवाज लावतो तेच तुम्हाला मिळतं.

इअरफोनच्या बाबतीत या प्लगचा उपयोग नाही, पण विषय तोच म्हणून थोडंसं. पुण्याला हुतात्मा एक्स्प्रेसने जाताना गाडीच्या खडखडाटावर मात करायला आपण आवाज चढवतो आणि तिकडेच चार तास जातात. बाहेरचा गोंगाट कमी करणारा हेडफोन घेतल्यापासून माझं निम्म्या आवाजात भागतं. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास आणि मुलांसाठी ७५ डेसिबलचे ४० तास अशी आहे.

बसवण्याची रीत हा खरा कळीचा भाग. पैसे कितीही घाला, प्लग सैल बसला तर काही उपयोग नाही. डोक्यावरून दुसरा हात नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, म्हणजे नळी सरळ होते, मग प्लग हळू फिरवत आत. बरोबर बसला की आजूबाजूचा आवाज एकदम खाली येतो आणि स्वतःचं बोलणं घुमतं. माझा डावा कान अरुंद आहे, त्याला लहान मापाची सिलिकॉनची टोपी (त्या तीन छत्र्यांचा भाग) लागली, उजव्याला मधली. दोन्ही मापं खोक्यात येतात का ते घेण्याआधी बघा. काढताना खसकन ओढू नका, आत पोकळी होऊन पडद्याला ताण बसतो.

उन्हाळ्याची तक्रार आहेच. एप्रिलपासून घामाने प्लग सरकतो. पारा चाळिसाच्या वर असताना मांडवात तासाभरात दोनदा काढून पुसावा लागला. मळही जास्त चिकटतो. मी फिल्टर काढून टोप्या कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुते, पूर्ण वाळल्यावरच पुन्हा जोडते. फिल्टरला पाणी लागू देत नाही. आता टोप्यांच्या कडा थोड्या कडक झाल्यात, पावसाळ्याआधी बदलणार. ज्यांचा कान वाहतो, पडद्याला भोक आहे किंवा मळ घट्ट बसलाय त्यांनी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काहीच घालू नये.

प्लग घेताना मी ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणीही करून घेतली. बंद खोलीत बसून २५० ते ८००० हर्ट्‌झपर्यंतचे बारीक सूर ऐकायचे आणि ऐकू आला की बटण दाबायचं, अर्ध्या तासाचं काम. आदल्या रात्री मोठ्या आवाजात गेला असाल तर त्या दिवशी जाऊ नका, कान थकलेला असतो आणि आलेख खोटा येतो. तो कागद जपून ठेवलाय. गणपतीनंतर पुन्हा तपासून दोन्ही आलेख शेजारी ठेवून बघणार आहे. घुमण्याचा त्रास तोवर असाच राहिला, तर कानाचा साचा देऊन करून घ्यायचे प्लग बघेन. ते कितीतरी महाग आहेत, पण खोल बसतात. कोरसमध्ये बसणाऱ्या बाकीच्यांना मात्र आत्ता हेच घ्या म्हणून सांगते, आणि झांजवाल्यांनी आधी घ्यावेत.