अ‍ॅडसेन्स लावू का दुकानांच्या जाहिराती घेऊ? दोन्ही करून बसलेल्याचं मत

गेल्या आठवड्यात विट्याच्या एका पोराचा मेसेज आला. दादा, साइट सुरू करून आठ महिने झाले, लोक बऱ्यापैकी येतात, आता गूगल जाहिराती लावून पैसे देतं ते अ‍ॅडसेन्स लावू का आपल्या भागातल्या दुकानदारांच्या जाहिराती धरू? उत्तर टाइप करत बसलो तर ते लांबतच गेलं, मग म्हटलं सगळ्यांसाठीच लिहू, हे विचारणारा तो काय पहिला नाही. कोड कुठं टाकायचा, बॅनर केवढा असतो हे यात नाही, ते तुम्हाला येतंय असं धरून चालतो.

आधी माझं सांगतो म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुम्हीच ठरवाल. माझी साइट २०१९ च्या पुरानंतर सुरू झाली. हळदीचे आणि बेदाण्याचे सौदे, सांगली मार्केट यार्ड आणि तासगाव, आणि पावसाळा लागला की कोयनेतनं विसर्ग किती, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर. वाचक सगळा आपल्याच जिल्ह्यातला, थोडा कोल्हापूर-साताऱ्याचा. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली पोरं येतात ती फक्त जुलै-ऑगस्टला, घराजवळ पाणी आलं का बघायला. पहिली दोन वर्षं मी फक्त दुकानांच्या जाहिराती घेतल्या, नंतर दोन्ही शेजारी शेजारी चालवलं, आणि आता एक जाहिरातदार सोडला तर सगळं अ‍ॅडसेन्सवर आहे.

पैशाचं खरं सांगायचं तर कागदावर दुकानंच जिंकतात, आणि चांगल्या फरकानं. एका बॅनरचे महिन्याला दीड हजार, असे चार, म्हणजे सहा हजार. तेवढ्याच वाचकांवर अ‍ॅडसेन्सचे मला सुरवातीला त्याच्या निम्मेही पडत नव्हते. कारण साधं आहे, ठिबकच्या दुकानदाराला कवठे महांकाळचा द्राक्षवाला शेतकरीच पाहिजे असतो आणि माझ्याकडं तोच येतो, त्यामुळं त्याला ती जागा दीड हजाराची वाटते. तिकडं गूगलवर जागेसाठी बोली लावणाऱ्या जाहिरातदाराला माझा वाचक म्हणजे भारतातला एक मराठी मोबाइल. मराठीला अ‍ॅडसेन्स अधिकृतपणे चालायला लागलं तेच २०१८ ला, आणि अजूनही इंग्रजी पानाला मिळतो तो भाव मराठी पानाला मिळत नाही, निदान मला तरी कधी दिसला नाही. आमच्याच गल्लीतला एक जण इंग्रजीत मोबाइलबद्दल लिहितो, त्याचे वाचक माझ्या निम्मे आणि आकडा माझ्यापेक्षा मोठा. असो.

दुकानांचा हंगामही ठरलेला असतो. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या आधी खत-औषधवाले आपणहून फोन करतात, हळद काढणीला आली की ती शिजवायचे कुकरवाले, पॉलिशवाले. जाहिरात काय लागावी हे आपल्या हातात राहतं, म्हणजे तसं वाटतं तरी. प्रत्यक्षात दुकानदाराला बॅनर म्हणजे फ्लेक्सच वाटतो. मालाचा फोटो नको, मालकाचा पाहिजे, शेजारी धाकट्या भावाचा, खाली तीन मोबाइल नंबर, आणि एकानं तर शुभेच्छुक म्हणून अख्ख्या मित्रमंडळाची यादी पाठवली होती, मोबाइलच्या स्क्रीनवर ती मुंग्यांसारखी दिसायची. हे मी हसत हसत करायचो, ह्याचा त्रास नव्हता. "आमच्या औषधानं भुरी रोग गेला अशी बातमी टाका" म्हणणारे भेटले, त्यांना नाही म्हणायला शिकलो. तेही जमलं.

जमली नाही ती वसुली.

एक ठिबकवाले होते. माणूस चांगला, जाहिरातही त्यांनीच बोलावून दिली. महिना संपला की दीड हजार न्यायचे असं ठरलं. पहिल्या महिन्याला रोख दिले, वर चहा. दुसऱ्या महिन्यात गेलो तर शेठ लग्नाला गेलेत. परत गेलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते, म्हणाले दिवेलागणीला आलात, आता गल्ल्यातनं पैसा काढत नाही बघा, सकाळी या. सकाळी गेलो तर दुकान उघडायचं होतं. मग लॉकडाऊनचं कारण सगळ्यांना आयतंच मिळालं, ते मीही धरलं नाही. पण सगळं सुरू झाल्यावरही तेच. शेवटी एकदा त्यांनी मला बसवून नीट सांगितलं, बेदाणा विकला की शेतकरी आपल्याला देतो, आपल्याला मिळाले की आपण तुम्हाला देतो. आणि यात खोटं काही नव्हतं हो. आपल्या भागातलं औषधदुकान काय, ठिबकचं दुकान काय, चालतं उधारीवर. छाटणीला माल उचलायचा आणि पीक विकलं की भागवायचं. दुकानदाराकडं पैसे आले की पहिला कंपनीचा माणूस, मग जागेचं भाडं, कामावरच्या पोरांचा पगार, आणि सगळ्यात मागं मी, कारण माझे दीड हजार नाही दिले तर त्याचं काहीच अडत नाही.

बॅनर काढून टाकायचा ना, म्हणाल. काढला की एकदा. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांचा फोन, अरे ते आपल्या पाहुण्यातले आहेत, असं करतात होय. रात्री परत लावला.

वर्षाच्या शेवटी वही काढली. त्या एका बॅनरचे अठरा हजार यायचे होते, आले साडेदहा, आणि माझ्या फेऱ्या झाल्या एकोणतीस. गाडीचं पेट्रोल मी धरलंच नाही. पैशापेक्षा वाईट काय वाटायचं तर दर रविवारी संध्याकाळपासूनच उद्या कुणाकडं जायचं ते डोक्यात फिरायचं, आणि भाव टाकायचे राहायचे. साइट मी सौद्यांसाठी काढली होती, उगाणीसाठी नाही.

त्यातच जुलै २०२१ चा पूर आला. इशारा पातळी ४० फूट, धोका ४५, हे सांगलीत शाळेतल्या पोरालाही पाठ असतं, आणि पाणी चाळीसच्या वर गेलं की माझ्या साइटवर माणूस मावत नाही. त्या आठवड्यात होस्टिंगचं बिल वाढून आलं आणि कमाई तेवढीच, चार बॅनरचं ठरलेलं भाडं, तेही यायचं बाकी. चारातल्या एकाच्या दुकानात गुडघाभर चिखल होता, त्याच्याकडं त्या महिन्याचे पैसे मी मागितलेच नाहीत, कुणीच मागितले नसते. पाणी उतरल्यावर अ‍ॅडसेन्सचा अर्ज केला.

आता तिकडचंही सगळं गोड नाही. कमाई १० डॉलरवर गेली की पत्ता तपासायला ते पोस्टानं पिन पाठवतात, आणि आपले पत्ते म्हणजे शंभर फुटी रोडच्या मागं, पिठाच्या गिरणीशेजारी. मी घाईत पत्ता अर्धाच टाकला होता, पहिला पिन कुठं गेला देव जाणे. दुसरा मागवला तेव्हा पोस्टमनना आधीच सांगून ठेवलं, तेव्हा हातात पडला. पिन टाकायला चार महिने असतात, तोवर नाही टाकला तर जाहिराती दिसायच्या बंद होतात, म्हणून पत्ता आधारवर आहे तसा अख्खा टाका. मग बँक. आमच्या शाखेला परदेशातनं पैसे यायला लागतो तो स्विफ्ट कोडच नव्हता, त्यांच्याच पुण्याच्या मोठ्या शाखेचा टाकावा लागला, आणि पहिल्यांदा पैसे आले तेव्हा कशाचे आहेत म्हणून अडकून राहिले. परदेशातला पैसा कशाचा ते बँकेला सांगायचा पर्पज कोड, जाहिरातीचा पी १००७, एवढं एक वाक्य बोलल्यावर सुटले. हा त्रास एकदाच होतो, नंतर आपोआप येतात.

आणि १०० डॉलर झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत. छोट्या साइटला ह्याचा अर्थ दोन-दोन, तीन-तीन महिने वाट. पण एकदा आकडा पार झाला की पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान निघतात, दिवेलागण असो नाहीतर अमावस्या. खरं सांगू का, मला हे एवढंच पाहिजे होतं. रक्कम कमी आहे पण कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही.

२०२४ च्या सुरवातीपासून क्लिकऐवजी जाहिरात दिसण्यावर पैसे धरायला लागलेत, हिशेब सगळा धरून जाहिरातदाराच्या पैशातले आपल्या वाट्याला साधारण ६८ टक्के. मला त्यानं फार फरक पडलेला जाणवला नाही. दिवाळी ते डिसेंबर चांगलं जातं आणि जानेवारीत आकडा असा पडतो की साइट बंद पडली का काय वाटतं, पहिल्या जानेवारीला घाबरू नका.

दोन चुका मी केल्या, त्या तुम्ही करू नका. एक, ऑटो अ‍ॅड्सचे (गूगल स्वतःच जागा ठरवून जाहिराती लावतं त्याचे) सगळे प्रकार एकदम चालू केले. पहिल्याच पावसाळ्यात रात्री दहाला सूर्यवंशी प्लॉटमधनं एका काकांचा फोन आला, "अहो, पाणी बघायला आलो तर तुम्ही गाडी विकताय!" अख्खी स्क्रीन झाकणारी जाहिरात नेमकी पातळीच्या आकड्यावर येत होती, आणि ती मीच चालू ठेवलेली. तसंही पुराच्या पानावर कमाई होते ह्याचं मला अजून कसंतरीच वाटतं, म्हणून त्या पानावर आता एकच जाहिरात, तीही तळाला. सेटिंगमध्ये पान वगळता येतं, कुठले प्रकार नकोत तेही सांगता येतं, एक संध्याकाळ घालवा त्यावर. दुसरी चूक म्हणजे घरात कौतुकानं सांगितलं. आमचे दाजी रोज सकाळी चहाबरोबर माझ्या साइटवरच्या जाहिराती दाबायचे, मेहुण्याला तेवढीच मदत. आपण किंवा आपल्या माणसांनी क्लिक करणं चालत नाही, असे पैसे कापले जातात आणि जास्त झालं तर खातंही जाऊ शकतं. दाजींना हे समजावणं वसुलीपेक्षा सोपं नव्हतं.

मग दुकानांच्या जाहिराती कुणी घ्याव्यात? घरात भाऊ, वडील, कुणीतरी बाजारात रोज उठबस असलेलं असेल आणि त्याला मागायची लाज वाटत नसेल तर बिनधास्त घ्या, माझ्यापेक्षा दुप्पट कमवाल. साइट एकाच तालुक्याची असेल, वाचक थोडे पण पक्के असतील, तरी दुकानंच बरी, अ‍ॅडसेन्सला तेवढ्यावर १०० डॉलर व्हायला वर्ष जाईल. विट्याच्या पोराची साइट सरकारी भरतीची आहे, त्याचा वाचक नांदेडपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेला, त्याला विट्यातला दुकानदार काय म्हणून पैसे देईल? एखादी अकॅडमी देईल फार तर. त्यानं माझ्या मते अ‍ॅडसेन्सच लावावं, पण त्याला त्याचं जास्त कळतं. दोन्ही एकत्र चालवायलाही हरकत नाही, फक्त दुकानाच्या साइटची लिंक पैसे घेऊन देत असाल तर तिला स्पॉन्सर्डची खूण करा, नाहीतर सर्चमध्ये फटका बसू शकतो.

मी एक ठेवलाय तो ऊस रोपवाटिकावाला. पाडव्याला येतो, वर्षाचे पैसे आधी देतो, बॅनरवर फक्त रोपाचा फोटो आणि एक नंबर. असे चार भेटले असते तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती.

ठिबकवाल्यांकडचे साडेसात हजार अजून यायचेत. परवा यार्डात भेटले, साइट लई भारी चाललीय म्हणाले, रोज सकाळी पहिले भाव तुमच्याकडंच बघतो. आणि चहा पाजला.