घरी पीपीएफ बसवायचं शिकाऊ किट: फिल्म घ्या, सोबतची अवजारं बदला

पीपीएफ म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, गाडीचा रंग ओरखड्यांपासून वाचवायला वरून चिकटवायची पारदर्शक फिल्म. किटचा डबा उघडला की दाराच्या हँडलमागच्या वाट्यांसाठी कापून आलेले चार तुकडे, दारांच्या कडांसाठी 10 मिमी रुंद पट्टीची गुंडाळी आणि 30 सेंमी रुंद, दीड मीटर लांब सपाट फिल्म निघते. सोबत कडक प्लास्टिकची स्क्वीजी (फिल्मखालचं पाणी ढकलायची पट्टी), एक कटर आणि शाम्पूची पुडी. फिल्म खरोखर चांगली आहे. बाकी तिन्ही वस्तू बाजूला ठेवल्या तरी चालतील.

फिल्म टीपीयूचीच, म्हणजे ताणल्यावर परत येणाऱ्या पॉलियुरेथेन प्लास्टिकचीच आहे. बोटभर तुकडा ताणून सोडला की तो हळूहळू मूळ लांबीवर येतो. पीव्हीसी असती तर ताणलेलीच राहिली असती, आणि आपल्या उन्हात लवकर पिवळी पडली असती. जाडी 8 मिल लिहिली आहे, म्हणजे 200 मायक्रॉनच्या आसपास. व्हर्नियरने मोजायची तर मागचा लायनर, म्हणजे गोंद झाकणारा सुटा थर, काढून मोजा. तुकड्यावर पितळी ब्रशने हलकी रेघ ओढून कडक गरम पाणी ओतलं की रेघ मिटते. एप्रिल-मेमध्ये ते काम पार्किंगमधलं ऊनच फुकटात करतं. मात्र मिटतो तो वरच्या थरावरचा ओरखडा. गिट्टी आरपार घुसली तर तो तुकडा बदलावाच लागतो.

घोळ आहे तो माहितीपत्रकात. 'नळाचं पाणी वापरा' असं त्यात सरळ लिहिलंय. मराठवाड्यात बऱ्याच घरांत नळाला बोअरचं पाणी, आणि त्यातला क्षार बादलीच्या कडेला पांढरा दिसतो तसाच फिल्मखाली सुकून कायमचा दिसत राहतो. काळ्या गाडीवर तर लपतच नाही. त्यामुळे जारचं आरओ पाणी घ्या, नाहीतर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड. फिल्म सरकवता यावी म्हणून खाली मारायचं घसरणीचं पाणी म्हणजे 1 लिटरला 2 ते 3 मिली बेबी शाम्पू. शाम्पू जास्त झाला तर फिल्म जागेवर टिकत नाही, कमी झाला तर टेकताच चिकटते. दुसऱ्या बाटलीत 850 मिली पाणी आणि 150 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल. हे चिकटवायचं पाणी, फक्त कडा पकडवण्यासाठी. फवाऱ्याची बाटली नवी घ्या. शेतात औषध मारलेला पंप कितीही धुतला तरी इथे नको.

वेळ पहाटेची. पत्रा हाताला गार लागला पाहिजे. मे महिन्यात नऊ वाजता बोनेटवर हात ठेवून बघा, म्हणजे कारण कळेल: पाणी फवारताच उडतं, गोंद लगेच धरतो आणि फिल्म सरकवायला गेलं की रेघा उमटतात. पंखा बंद ठेवा, फरशीवर पाण्याचा सडा मारा, म्हणजे धूळ बसते.

गाडी धुतल्यावर क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेली घाण उचलणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवायलाच हवा. जालन्याच्या स्टील कारखान्यांच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या गाडीवर तळहात फिरवला तर खरखर लागते. ते रंगात रुतलेले लोखंडाचे कण असतात, आणि प्रत्येक कण फिल्मखाली मोहरीएवढा फुगा धरून बसतो. वॅक्स किंवा सिरॅमिकचा थर असेल तर कडा धरत नाहीत. आणि डेंटिंग-पेंटिंग झालेल्या पॅनेलवर जपून. तिथला रंग कच्चा असेल तर पुढे फिल्म काढताना तोही सोबत येतो.

सुरुवात हँडलमागच्या वाटीपासून करा. अंगठ्या, बांगड्या, नखं यांचे ओरखडे तिथेच पडतात, आणि चुकलं तरी नुकसान तळहाताएवढ्या तुकड्याचं. वाटी भिजवा, बोटं भिजवा, लायनर काढताना गोंदाच्या बाजूवर सतत फवारत राहा. कोरड्या बोटाचा ठसा गोंदावर उमटला की तो जात नाही. तुकडा मध्यावर ठेवून आधी तळ बसवा, तिथलं पाणी वर ढकला. आता कडेला चुण्या पडतील. सपाट फिल्म गोल वाटीत बसवली की कडेची जास्तीची फिल्म कुठेतरी जाणारच. नवशिका इथे चुणी दाबून मोकळा होतो आणि दुसऱ्या दिवशी ती परत उठते. करायचं ते असं: त्या बाजूची कड उचला, खाली पुन्हा फवारा, हीट गन वीतभर लांब धरून फिल्म मऊ होईपर्यंत शेकवा, हलकेच बाहेर ओढा आणि चिकटवायचं पाणी मारून अर्धा मिनिट दाबून धरा. एक चुणी मग दोन लहान चुण्यांत वाटली जाते आणि त्या जिरतात. फार ओढलं तर गोंदाच्या रुपेरी रेघा दिसतात, तिथे थांबा.

डब्यातली कडक स्क्वीजी फिल्मवरच ओरखडे पाडते. रेडियमवाल्याकडे मऊ रबराची मिळते, ती घ्या. कटरही बदला: 30 अंशांचं पातं, आणि प्रत्येक पॅनेलनंतर टोक मोडून नवं. सपाट पट्टी गाडीवर कापू नका. कागदाचा साचा काढून काचेवर, लायनरसकट कापा. पात्याची रेघ रंगात एकदा गेली की तिच्यावर इलाज पेंटरच.

दाराच्या कडा सोप्या आहेत, त्यांवर वेळ घालवू नका. बोनेटच्या पुढच्या भागावर 30 सेंमीची पट्टी लावायची कल्पना मात्र पटत नाही. समृद्धीवर ट्रकमागून उडणारी गिट्टी ती अडवते, पण पट्टीच्या वरच्या काठाशी काळ्या मातीची धूळ साचून काजळाची रेघ ओढल्यासारखी दिसते. पूर्ण बोनेटला 152 सेंमीचा रोल आणि दोन माणसं लागतात. बंपर तर शिकाऊ हाताने करूच नये. सगळीकडून वळण आणि मध्ये पार्किंग सेन्सर. त्यापेक्षा ही पट्टी डिकीच्या ओठावर, सामान घासतं तिथे, आणि हेडलाइटवर वापरा.

बसवल्यावर दुधाळ ढग दिसले तर घाबरू नका. ते पाणी आहे, आठ-पंधरा दिवसांत उडतं. हवेचा फुगा बोटाखाली सरकत नाही आणि आपोआप जात नाही. इन्सुलिनच्या सुईने कडेला टोचून दाबा. सात दिवस धुणं नको. नंतरही वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशर गन कडांपासून फूटभर लांब, सरळ धरायला सांगा. तिरकी धरली की पाणी थेट कडेखाली शिरतं.

उरलेली फिल्म लायनरसकट सैल गुंडाळून घरात ठेवा. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर राहिलेल्या तुकड्याचा लायनर सुटताना त्रास देतो.